होगन, जिमी

(१६ ऑक्टोबर १८८२ – ३० जानेवारी १९७४). इंग्लिश फुटबॉलपटू, प्रशिक्षक व व्यवस्थापक. मध्य युरोपातील फुटबॉलच्या जडणघडणीत यांच्याइतका वाटा क्वचितच एखाद्या परदेशी माणसाचा असेल. जन्म लँकाशरमधील नेल्सन या कापडगिरण्यांच्या गावी, आयरिश कॅथलिक कुटुंबात. मुलाने धर्मगुरू व्हावे, ही वडिलांची इच्छा. मुलाचा जीव मात्र चेंडूत.

होगन इनसाइड राइट (आघाडीच्या फळीत उजवीकडे आतल्या जागी खेळणारा) म्हणून बर्नली, फुलम, बोल्टन या संघांकडून खेळले. खेळाडू म्हणून ते चांगले होते, थोर नव्हते. बर्नलीत असताना एकदा त्यांचा फटका गोलवरून गेला. आपले काय चुकले, हे त्यांनी व्यवस्थापकाला विचारले. मारत राहा, दहांतला एखादा लागेलच, एवढेच उत्तर मिळाले. त्या उत्तराने त्यांचे समाधान झाले नाही. फटका का चुकतो याचे कारण असते आणि ते शिकवता येते, ही त्यांची धारणा इथूनच पक्की होत गेली. त्या काळी इंग्लंडमध्ये सरावात धावण्यावर भर असे. आठवडाभर चेंडू दिला नाही तर शनिवारी खेळाडू त्यावर तुटून पडेल, असा समज होता. होगन यांनी सराव चेंडूनेच सुरू केला : दोन्ही पायांनी चेंडू थांबवणे, जमिनीलगत अचूक पास देणे, मोकळ्या जागेत सरकणे.

१९१० मध्ये ते हॉलंडमधील डॉर्ड्रेख्ट येथे प्रशिक्षक झाले. १९१२ मध्ये व्हिएन्नाला जाऊन त्यांनी तिथल्या फुटबॉलचे संघटक ह्यूगो मायझेल यांच्याबरोबर ऑस्ट्रियाच्या संघाची तयारी करून घेतली. पुढे पहिले महायुद्ध पेटले आणि ते शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून अडकले. पण बुडापेस्टच्या एमटीके क्लबने त्यांना काम दिले. उद्यानात खेळणाऱ्या पोरांमधून त्यांनी जॉर्ज ओर्थसारखा खेळाडू हेरला. १९१७ ते १९२५ या काळात हंगेरीचे विजेतेपद एमटीकेकडेच राहिले. होगन युद्ध संपताच मायदेशी परतले होते, तरी पाया त्यांचाच होता.

जर्मनीतला एक प्रसंग प्रसिद्ध आहे. ड्रेस्डेनच्या व्याख्यानात त्यांच्या मोडक्यातोडक्या जर्मनवर हशा पिकला. होगन आत गेले, खेळाचे कपडे घालून अनवाणी परतले आणि त्यांनी लांबच्या लाकडी फळीवर चेंडू असा हाणला की फळी दुभंगली. ड्रेस्डेनमध्ये त्यांच्याकडे शिकलेल्यांपैकी हेल्मुट श्योन पुढे १९७४ चा विश्वचषक जिंकणाऱ्या पश्चिम जर्मनीचे प्रशिक्षक झाले.

इंग्लंडमध्ये मात्र त्यांची उपेक्षाच झाली. १९३४ मध्ये ते फुलमचे व्यवस्थापक झाले. व्यावसायिक खेळाडूंना शिकवणीची गरज नाही, असे म्हणत क्लबने ते रुग्णालयात असतानाच त्यांना काढून टाकले. हे लाजिरवाणेच होते. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये त्यांच्या प्रशिक्षणाखालील ऑस्ट्रियाने रौप्यपदक मिळवले. त्यानंतर त्यांनी ॲस्टन व्हिला संघाला १९३८ मध्ये दुसऱ्या श्रेणीचे विजेतेपद मिळवून देऊन पुन्हा पहिल्या श्रेणीत नेले.

२५ नोव्हेंबर १९५३ रोजी वेम्बली येथे हंगेरीने इंग्लंडला ६–३ असे हरवले. युरोप खंडातील संघाकडून घरच्या मैदानावर इंग्लंडची ही पहिलीच हार. आम्ही होगन यांनी शिकवले तसेच खेळलो, त्यांचे नाव आमच्या फुटबॉलच्या इतिहासात सुवर्णाक्षरांनी लिहायला हवे, असे हंगेरीचे प्रशिक्षक गुस्ताव शेबेश म्हणाले. एकाहत्तर वर्षांचे होगन त्या दिवशी व्हिलाच्या तरुण खेळाडूंना घेऊन प्रेक्षकांत बसले होते.