बर्लेचा वास : पानाचा किती, पाकाचा किती?

नागपुरात तंबाखूच्या वासाची पहिली ओळख बहुतेकांना पानठेल्यावर होते. पन्नीवर सुपारी, चुना आणि तंबाखू घोटताना उठणारा, थेट नाकात चढणारा खर्ऱ्याचा वास हाच इथे तंबाखूचा वास समजला जातो. पाइप ओढणारे शहरात मोजकेच उरले आहेत. त्यांच्यापैकी कोणी बर्ले मिश्रणाचा डबा उघडला, की शेजारी बसलेल्याला कोकोचा, ज्येष्ठमधाचा किंवा गुळासारखा वास येतो आणि तंबाखू इतकी गोड कशी, असा प्रश्न पडतो. खरे पाहता बर्ले हे तंबाखूच्या प्रमुख जातींमधले जवळजवळ साखर नसलेले पान आहे. गोडव्याची ही ख्याती त्याला मिळाली कशी, यातच त्याचा इतिहास आहे.

आज बर्ले म्हणून जे पान ओळखले जाते, ते 1864 मध्ये अमेरिकेच्या ओहायो राज्यातील ब्राउन काउंटीत योगायोगाने हाती लागले. कॅप्टन फ्रेडरिक कॉट्झ यांच्या शेतावर काम करणाऱ्या जॉर्ज वेब आणि जोसेफ फोर यांनी नदीपलीकडच्या केंटकीतून आणलेले बर्लेचे बी पेरले. त्यातली काही रोपे फिकट, पिवळसर पांढरी निघाली. रोगट समजून ती पहिल्या वर्षी टाकून देण्यात आली. उरलेले बी पुढच्या हंगामात पेरल्यावर मात्र त्याच रंगाची निरोगी झाडे वाढली. हरितद्रव्य कमी असलेला हा नैसर्गिक बदल होता. 1867 मध्ये सेंट लुईसच्या जत्रेत या पानाला बक्षिसे मिळाली आणि ‘व्हाइट बर्ले’चे नाव झाले.

या पानाची कीर्ती आधी पसरली ती चघळण्याच्या तंबाखूमुळे, पाइपमुळे नव्हे. विदर्भातल्या वाचकाला याचे फारसे आश्चर्य वाटू नये. त्या काळी अमेरिकेत तंबाखू मोठ्या प्रमाणावर चघळली जाई आणि कारखानदार ती साखर व ज्येष्ठमधाच्या पाकात मुरवून तिच्या वड्या दाबत. नवे पान पातळ आणि सच्छिद्र असल्यामुळे स्वतःच्या वजनाच्या सुमारे पाव हिश्शापर्यंत पाक शोषून घेई, आणि पाक तंबाखूपेक्षा स्वस्त असल्याने कारखानदाराचा फायदा उघड होता. या मुरवणीला धंद्यात ‘केसिंग’ म्हणतात. शेवटी वरून फवारल्या जाणाऱ्या सुगंधाला ‘टॉपिंग’.

पानात साखर नसण्याचे कारण वाळवणीत सापडते. व्हर्जिनिया जातीचे पान बंद कोठारात गरम हवेने झटपट वाळवतात. पेशी लवकर मरतात आणि साखर पानातच अडकून राहते. बर्लेचे मात्र अख्खे झाड कापून हवेशीर कोठारात काही आठवडे टांगतात. कापल्यानंतरही पेशी बराच काळ श्वसन करत राहतात आणि आपलीच साखर खाऊन संपवतात. राहते ते तपकिरी, हलके, निकोटिन भरपूर असलेले पान, ज्याचा धूर व्हर्जिनियाच्या धुरापेक्षा अधिक अल्कधर्मी असतो. या संथ वाळवणीला हवेत बऱ्यापैकी दमटपणा लागतो. नागपूरच्या एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात हे झाड टांगले, तर पान मुरण्याआधीच कडकडीत वाळेल आणि त्यावर पिवळे डाग तसेच राहतील.

मग बर्लेचा स्वतःचा वास कोणता? कोरडा कडबा, जुने लाकूड आणि भाजलेल्या शेंगदाण्यांची आठवण करून देणारा, किंचित कडवट, कोकोच्या जवळ जाणारा वास. शेंगदाण्यांची उपमा केवळ कल्पनेची नाही. पाक मुरवलेले पान कारखान्यात भाजतात, तेव्हा अमोनियाचा उग्रपणा बराचसा निघून जातो आणि साखर व पानातील नत्रयुक्त घटक यांच्या संयोगातून पायराझीन वर्गातील संयुगे तयार होतात. भाजलेल्या शेंगदाण्यांच्या आणि कॉफीच्या वासातही हीच संयुगे असतात. म्हणजे ज्याला आपण पानाचा मूळ वास म्हणतो, त्यातही पाकाचा हात आहेच. माझ्या मते बर्लेपुरता मूळ आणि वरचा हा भेद काटेकोरपणे करताच येत नाही.

पाइपच्या बाजारात बर्लेला घराघरांत नेले ते आर. जे. रेनॉल्ड्स कंपनीने 1907 मध्ये आणलेल्या ‘प्रिन्स अल्बर्ट’ने. त्याच कंपनीने 1913 मध्ये ‘कॅमल’ सिगारेट काढली. बर्ले, व्हर्जिनिया आणि तुर्की पानांच्या त्या मिश्रणातून पुढे ‘अमेरिकन ब्लेंड’ नावाची सगळी परंपरा उभी राहिली. भारतात बर्लेची लागवड मुख्यतः आंध्र प्रदेशात होते. विदर्भातल्या विडीत भरली जाणारी तंबाखू वेगळी, तिचा या पानाशी संबंध नाही.

पानाचे पाकावरचे हे अवलंबन शेवटी कायद्याच्या भाषेतही आले. 2009 मध्ये कॅनडाने सिगारेटमधील बहुतेक स्वादद्रव्यांवर बंदी घातली, तेव्हा बर्ले पिकवणाऱ्या देशांनी जागतिक व्यापार संघटनेत आक्षेप नोंदवला. स्वादद्रव्ये गेली तर मिश्रणातून बर्लेही जाईल, असा त्यांचा युक्तिवाद होता. आरोग्याच्या अंगाने पाहिले, तर गोड वासाआडचे पान सौम्य नाही: नत्रयुक्त खत भरपूर लागणाऱ्या आणि हवेत वाळवलेल्या या तंबाखूत कर्करोगकारक नायट्रोसामाइन्सचे प्रमाण व्हर्जिनियापेक्षा सहसा जास्त आढळते.

डब्यातला वास आणि धुराची चव यांत जे अंतर पडते, त्याचा उलगडाही इथेच होतो. वरचा सुगंध उडून जाणारा असतो. पाइप पेटल्यावर तो पहिल्या काही झुरक्यांत विरतो, खोलीत मात्र शेजाऱ्याला जाणवत राहतो. ओढणाऱ्याच्या तोंडात तोवर कोरडे, शेंगदाण्याच्या चवीचे, किंचित कडू पान उरलेले असते.