नव्या अग्निरोधक पफ फोमचं पेटंट गोव्यातून कसं करायचं: कोण अर्ज करू शकतं, कागद कोणते, फी किती

गोव्यात पफ, म्हणजे गारवा राखणारा पॉलियुरेथेनचा कडक फोम, कुठे कुठे लागतो बघा, मासळीची कोल्ड स्टोरेज, बर्फाचे कारखाने, ट्रॉलरचे मासे ठेवायचे खण, हॉटेलांच्या एसीचे डक्ट, फार्मा कंपन्यांच्या क्लीन रूमची पॅनलं, आणि हे सगळं शेवटी जळणारं प्लास्टिकच. त्यात १ जानेवारी २०२० पासून एचसीएफसी-१४१बी च्या आयातीचे परवाने बंद झाले, फोमवाल्यांचा तो मुख्य ब्लोइंग एजंट, म्हणजे फोम फुगवणारा पदार्थ, होता, ओझोनला घातक म्हणून गेला आणि जायलाच हवा होता. तेव्हापासून छोटे युनिटवाले, कॉलेजच्या लॅबमधली मुलं सगळे आपापल्या परीने नवं मिक्सिंग बसवतायत. त्यातल्या कुणाचं खरंच चांगलं जमलं असेल, म्हणजे ओझोनला आणि हवामानाला त्रास नाही आणि आगीतही टिकतं असा कडक फोम, तर त्याचं पेटंट करा, उगाच कुणाच्या हातात फॉर्म्युला देऊन बसू नका. त्यासाठी काय करायचं ते इथे सविस्तर लिहितोय.

आधी हे समजून घ्या, नाहीतर फी फुकट जाईल

पेटंट कायदा १९७० चा आहे आणि त्यातलं कलम ३(ई) फोमवाल्यांना सगळ्यात जास्त नडतं. ते सांगतं की माहितीतल्याच वस्तू नुसत्या एकत्र मिसळल्या आणि प्रत्येकीचा आपापला गुण तेवढा मिळाला तर त्याला पेटंट नाही. आता आपला फोम म्हणजे काय, पॉलिऑल आणि एमडीआय (एकत्र येऊन फोम बनवणारे दोन मुख्य द्रव), कॅटलिस्ट, सिलिकॉन, ब्लोइंग एजंट आणि एफआर (आग रोखणारा पदार्थ), सगळंच बाजारात मिळणारं. म्हणजे ‘सायक्लोपेंटेन (ब्लोइंग एजंट) घातला आणि टीसीपीपी (एफआर) घातला, फोम फुगला आणि कमी जळला’ एवढ्यावर अर्ज टाकलात तर एक्झामिनर तो ३(ई) वर धरणार, आणि बरोबरच आहे त्याचं.

मग मिळतं कशाला? इथे फोमची खरी भानगड कामाला येते. सायक्लोपेंटेन ओझोनला निरुपद्रवी, तापमानवाढीतही नगण्य, पण स्वतःच पेटतो, फ्लॅश पॉइंट उणे ३७ अंश सेल्सिअस, आणि तो फोमच्या बंद पेशींमध्येच राहतो, म्हणून एफआर वाढवावा लागतो. टीसीपीपीसारखा पातळ एफआर वाढवला की फोम मऊ पडतो, दाब सहन करत नाही. अमोनियम पॉलिफॉस्फेट किंवा एक्सपांडेबल ग्रॅफाइट घातलं तर पॉलिऑल घट्ट होतं, पावडर तळाला बसते, मशीनचा नोझल झिजतो. इंडेक्स (पॉलिऑलच्या तुलनेत एमडीआयचं प्रमाण) वाढवून पीआयआर (पॉलिआयसोसायन्युरेट फोम) कडे गेलात तर आगीत छान कोळसा धरतो पण फोम भुसभुशीत होतो, पत्र्याला नीट चिकटत नाही. पाणी वाढवून कार्बन डायऑक्साइडवर फुगवलात तर तो गॅस हळूहळू बाहेर जातो, फोम आकसतो आणि इन्सुलेशन घसरतं. एचएफओ (नव्या पिढीचा फ्लोरिनयुक्त ब्लोइंग एजंट) घेतला तर यातले बरेच प्रश्न सुटतात पण तो महाग आहे, आणि त्याच्या वापरावर मोठ्या कंपन्यांची भरपूर पेटंटं आधीच पडलेली आहेत. एक सुधारलं की दुसरं बिघडतं ही जी ओढाताण आहे ना, ती तुम्ही कुठेतरी तोडली असेल, म्हणजे दोन घटक एकत्र आल्यावर दोघांच्या बेरजेपेक्षा जास्त काहीतरी मिळालं असेल, तर तो तुमचा शोध. आणि ते आकड्यांनी दाखवावं लागतं, तोंडी चालत नाही.

दाखवायचं कसं, तर तुलनेचे नमुने करून. एक फोम फक्त पहिल्या एफआरचा, एक फक्त दुसऱ्याचा, एक दोन्हींचा, बाकी सगळं तेच आणि घनताही तीच ठेवायची. मग तिन्हींचा एलओआय (जळत राहायला किमान किती टक्के ऑक्सिजन लागतो तो आकडा), जमलं तर कोन कॅलरीमीटरवर उष्णता किती वेगाने सुटते ते, शिवाय कॉम्प्रेसिव्ह स्ट्रेंग्थ, थर्मल कंडक्टिव्हिटी ताजी आणि काही काळ ठेवल्यानंतरची, आणि गरम-थंडीत आकार किती बदलतो ते. साध्या पफचा एलओआय १८-१९ च्या आसपास असतो आणि हवेत ऑक्सिजन २१ टक्के आहे, म्हणजे साधा फोम हवेत जळतच राहतो, यावरून तुमचा आकडा कुठे बसतो ते कळेल. कडक पीयू-पीआयआर फोमसाठी आयएस १२४३६ आहे, टेस्टच्या पद्धतींसाठी आयएस ११२३९ आहे, शक्यतो तीच धरा. आणि अर्जात कुठेही ‘न जळणारा फोम’ लिहू नका, कुठल्या टेस्टला किती आला तेवढं लिहा.

पावसाळ्याचंही सांगतो कारण आपल्याकडे हे फार होतं. दमट हवेत पॉलिऑल ओल ओढतं, ते पाणी एमडीआयशी रिअ‍ॅक्ट होऊन कार्बन डायऑक्साइड करतं, म्हणजे तुम्ही न घातलेला ब्लोइंग एजंट आपोआप आत. चवथीच्या आधी केलेला नमुना आणि जानेवारीतला नमुना यांची तुलना म्हणूनच धरता येत नाही. प्रत्येक शॉटला (एका वेळच्या ओतणीला) पॉलिऑलमधलं पाणी मोजून वहीत तारखेसकट लिहा. वाचणाऱ्या जाणकाराला तसाच फोम करता आला पाहिजे अशी कायद्याची अट आहे, आणि ओलीचा आकडा नसेल तर तो करता येणार नाही.

अर्ज कोण करू शकतं

खरा शोध लावणारा, किंवा त्याने ज्याला हक्क लिहून दिला तो, किंवा मयत असेल तर त्याचा कायदेशीर वारस. माणूस एकटा चालतो, अनेक जण मिळून चालतात, भागीदारी फर्म, कंपनी, विद्यापीठ सगळे चालतात. फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातल्या किंवा ताळगावच्या विद्यापीठातल्या मुलाने प्रोजेक्टमध्ये फोम केला असेल तर आधी संस्थेचे नियम बघायचे, अर्जदार संस्था असू शकते पण शोधकर्ता म्हणून मुलाचं नाव आलंच पाहिजे. हे मी मुद्दाम लिहितोय. आणि शेडमधल्या ऑपरेटरने पावडर तळाला बसू नये म्हणून काही नवीन युक्ती काढली असेल आणि ती तुमच्या क्लेममध्ये (ज्या मुद्द्यांवर हक्क मागता त्यांत) असेल तर तोही शोधकर्ता आहे, त्याचं नाव टाका. उलट ज्याने फक्त जागा दिली किंवा सही केली त्याचं नाव शोधकर्त्यांत नको.

फीमध्ये सवलत चार जणांना मिळते: नैसर्गिक व्यक्ती म्हणजे साधा माणूस, डीपीआयआयटी (केंद्राचं उद्योग खातं) मान्यतेचा स्टार्टअप, स्मॉल एंटिटी म्हणजे उद्यम (सरकारी लघुउद्योग) नोंदणीवाले, आणि शैक्षणिक संस्था. अर्जदारांत एक जरी मोठी कंपनी असेल तर सगळ्या अर्जाला पूर्ण फी लागते.

कागद

फॉर्म १ हा अर्ज, फॉर्म २ म्हणजे स्पेसिफिकेशन (शोधाचं सविस्तर वर्णन), फॉर्म ३ परदेशी अर्जांची माहिती आणि हमी (परदेशात काही केलं नसलं तरी द्यायचा), फॉर्म ५ शोधकर्त्यांची घोषणा, सवलत हवी असेल तर फॉर्म २८ आणि सोबत उद्यमचं किंवा डीपीआयआयटीचं सर्टिफिकेट, किंवा संस्था असल्याचा पुरावा. एकट्या माणसाला फॉर्म २८ लागत नाही. एजंट लावलात तर फॉर्म २६. अर्जदार आणि शोधकर्ता वेगळे असतील तर हक्क दिल्याचा पुरावा लागतो, एकतर फॉर्म १ वरच शोधकर्त्यांच्या सह्या किंवा वेगळा असाइनमेंट डीड, आणि तो अर्जानंतर सहा महिन्यांच्या आत गेला पाहिजे. शिकून बाहेर पडलेल्या मुलांच्या सह्या नंतर मिळता मिळत नाहीत, त्या आधीच घेऊन ठेवा. सगळं इंग्रजीत किंवा हिंदीत लागतं, मराठी-कोकणीत घेत नाहीत. ऑनलाइनसाठी क्लास ३ डिजिटल सिग्नेचर लागते.

गोवा मुंबई पेटंट ऑफिसच्या हद्दीत येतं, ते अँटॉप हिलला आहे, पण जायची गरज नाही, अर्ज पोर्टलवरून होतो आणि सुनावणीही व्हिडिओवर होते.

क्रम

पहिलं काम शोध घेणं. भारतीय पेटंट ऑफिसचं इनपास नावाचं सर्च फुकट आहे, युरोपियन पेटंट ऑफिसचं एस्पेसनेटही फुकट. नुसते शब्द टाकून भागत नाही, वर्गीकरणाचे कोड टाका: पॉलियुरेथेनला सी०८जी १८, भौतिक ब्लोइंग एजंटला सी०८जे ९/१४, अग्निरोधक पदार्थांना सी०९के २१. याला वेळ द्या, अगदी कंटाळा येईपर्यंत वाचा, कारण इथे सापडलेलं जुनं पेटंट फुकटात सापडतं आणि नंतर एक्झामिनरने दाखवलेलं फार महाग पडतं.

मग प्रोव्हिजनल (तात्पुरता) अर्ज. फायर टेस्टचे रिपोर्ट यायला वेळ लागतो, तोवर तारीख पक्की करायची असेल तर हाच मार्ग. त्यात क्लेम लागत नाहीत पण कल्पना आणि हातात असलेले आकडे नीट लिहा, कारण जे त्यात नाही त्याला ती तारीख मिळत नाही. तिथून १२ महिन्यांच्या आत कम्प्लीट स्पेसिफिकेशन, नाही दिलं तर अर्ज सोडून दिला असं धरतात. कम्प्लीटमध्ये वर्णन, उदाहरणं, तुलनेचे नमुने, क्लेम आणि १५० शब्दांच्या आतला सारांश. क्लेममध्ये ‘अमुक ते तमुक टक्के’ लिहिताना त्या पट्ट्याच्या दोन्ही टोकांची उदाहरणं द्या, मधलं एकच उदाहरण देऊन मोठा पट्टा मागू नका.

अर्जाआधी कुणाला दाखवू नका. प्रदर्शनात स्टॉल, कॉलेजच्या कॉन्फरन्समधला पेपर, रील, गिऱ्हाइकाला दिलेलं सॅम्पल आणि सोबत डेटाशीट, यातलं काहीही नवेपणा घालवू शकतं. कायद्यात १२ महिन्यांची सूट आहे पण ती मोजक्या प्रसंगांना, तिच्यावर विसंबू नका. टेस्टिंग लॅबकडूनही गुप्ततेचा करार लिहून घ्या.

परदेशात अर्ज करायचा असेल तर भारतात राहणाऱ्याने आधी इथे अर्ज करून सहा आठवडे थांबायचं, किंवा कलम ३९ ची परवानगी फॉर्म २५ वर घ्यायची. हे मोडलं तर इथला अर्जही जातो आणि शिक्षेचीही तरतूद आहे.

१८ महिन्यांनी अर्ज प्रसिद्ध होतो, घाई असेल तर फॉर्म ९. पण तपासणी आपोआप होत नाही! फॉर्म १८ भरून मागावी लागते, मार्च २०२४ च्या नव्या नियमांनंतर त्याची मुदत पहिल्या अर्जाच्या तारखेपासून ३१ महिने आहे, आधी ४८ होती, जुन्या माहितीवर कुणी राहू नका कारण मुदत गेली की अर्ज मागे घेतला असं समजतात. स्टार्टअप, स्मॉल एंटिटी, किंवा सगळे अर्जदार साधी माणसं असून त्यात निदान एक महिला असेल तर फॉर्म १८ए वर लवकर तपासणी मागता येते.

पहिला तपासणी अहवाल आला की उत्तराला सहा महिने, फॉर्म ४ वर आणखी तीन मागता येतात. फोमवाल्यांच्या अहवालात ३(ई) आणि ‘जाणकाराला हे सहज सुचलं असतं’ हे दोन आक्षेप बहुतेक असतातच, आणि वर सांगितलेले तुलनेचे आकडे इथे उपयोगी पडतात. वादविवाद करत बसू नका, तक्ता पुढे करा.

फी

सवलतवाल्यांना ऑनलाइन अर्ज १,६०० रुपये, बाकीच्यांना ८,०००. स्पेसिफिकेशनची ३० पानं आणि १० क्लेम त्यात येतात, पुढे सवलतवाल्यांना दर पानाला १६० आणि दर क्लेमला ३२०. प्रोव्हिजनल भरला असेल तर कम्प्लीटला वेगळी मूळ फी नाही. फॉर्म १८ ला ४,००० (बाकीच्यांना २०,०००), १८ए ला ८,००० (बाकीच्यांना ६०,०००), फॉर्म ९ ला २,५०० (बाकीच्यांना १२,५००). म्हणजे साध्या मार्गाने सरकारी फी ५,६०० रुपयांत बसते, एजंटची फी वेगळी. मसुदा चांगल्या एजंटकडून करून घ्याच, तो केमिस्ट्री समजणारा असावा, इथे पैसे वाचवण्यात अर्थ नाही. उद्यमवाल्यांना एमएसएमई इनोव्हेटिव्ह योजनेच्या आयपीआर भागात पेटंट मिळाल्यावर भारतातल्या पेटंटसाठी १ लाखापर्यंत परत मिळण्याची सोय आहे, त्यासाठी सगळ्या पावत्या जपून ठेवा.

पेटंट आणि परवाना वेगळे

पेटंट मिळालं म्हणजे फोम सुरक्षित आहे असं सरकारने सांगितलं असं नव्हे, आणि विकायची परवानगीही त्यात येत नाही. कारखान्याला प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती, फायरची एनओसी, फॅक्टरीज अँड बॉयलर्स खात्याची मंजुरी, ते सगळं वेगळंच करायचं. प्रयोगालाही मर्यादा आहे, सायक्लोपेंटेन पेट्रोलियम क्लास ए मध्ये येतो आणि विक्रीसाठी नसेल तर ३० लिटरपर्यंतच परवान्याशिवाय ठेवता येतो, तोही धातूच्या डब्यात, एका डब्यात २५ लिटरपेक्षा जास्त नाही. सायक्लोपेंटेन आधीच मिसळलेलं पॉलिऑलही पेट घेणारं मिश्रण असेल तर याच हिशोबात धरा. हवेत १.१ टक्का वाफ झाली की ठिणगीला पुरते, तेव्हा बंद खोलीत मिक्सिंग करू नका.

एचएफसीवर (ओझोनला घातक नाही पण हवा तापवणारा ब्लोइंग एजंट) बेतलेला फोम घेऊन कुणी अर्ज करायच्या विचारात असेल तर एक लक्षात ठेवा. भारताने एचएफसी कमी करण्याचा किगाली करार २०२१ मध्ये मंजूर केला, २०२८ ला एचएफसीचा वापर गोठवायचा आहे आणि २०३२ पासून कपात सुरू. पेटंट अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं चालतं, म्हणजे आज केलेलं पेटंट चालू असतानाच कपात सुरू झालेली असेल आणि ज्याच्यावर ते आहे तो गॅस मिळणं अवघड होत जाईल. एचएफसी-२४५एफए कार्बन डायऑक्साइडच्या साधारण हजारपट तापवतो. हायड्रोकार्बन, मिथिल फॉर्मेट, पाणी किंवा एचएफओ यांच्यावर क्लेम बांधा, एचएफओच्या टीएफए (ट्रायफ्लुओरोअ‍ॅसिटिक आम्ल) अवशेषांवरून युरोपात चर्चा चालू आहे तिच्यावर मात्र लक्ष ठेवा.

मंजुरीनंतर तिसऱ्या वर्षापासूनची नूतनीकरण फी भरावी लागते, सुरुवातीला सवलतवाल्यांना वर्षाला ८०० रुपये, पुढे वाढत जाते, चुकली तर पेटंट संपतं. फॉर्म २७ म्हणजे शोध प्रत्यक्ष वापरात आहे का त्याचं निवेदन, ते आता दरवर्षी नाही, तीन आर्थिक वर्षांतून एकदा. आणि मंजुरी प्रसिद्ध झाल्यावर एक वर्ष हितसंबंध असलेला कुणीही विरोध दाखल करू शकतो, तोवर लॅबच्या मूळ वह्या आणि उरलेले फोमचे तुकडे नावं-तारखा लिहून कोरड्या जागी ठेवून द्या.