सार्वजनिक उद्याने आणि लोकांचे आरोग्य : नागपूर

वस्तीजवळची बाग, मैदान, तलावाचा काठ किंवा ले-आउटमधली (प्लॉट पाडून वसवलेल्या वस्तीतली) मोकळी जागा यांचा रोजच्या चालण्यासाठी, व्यायामासाठी, खेळासाठी आणि विसाव्यासाठी होणारा वापर, आणि त्यातून लोकांच्या प्रकृतीत पडणारा फरक, हा या नोंदीचा विषय आहे. नागपुरात त्याला वेगळे नाव नाही. ‘सकाळी गार्डनमध्ये जातो’ एवढ्यावर काम भागते. त्या एका वाक्यात भरभर चालणे, योगासने, लाफ्टर क्लब, नातवंडाचा झोका आणि गेटवरचा दुधीचा रस हे सगळे येते. जिमची फी परवडो न परवडो, पायात चपला सरकवून कोणालाही निघता येईल अशी व्यायामाची ही जवळजवळ एकमेव जागा. म्हणून शहराच्या आरोग्याचा विचार करताना रुग्णालयांच्या बरोबरीने बागांचाही विचार व्हायला हवा.

किती हालचाल पुरते

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे प्रौढ माणसाने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम जोराची हालचाल करावी आणि निदान दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम करावा. ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी हे प्रमाण रोज सरासरी ६० मिनिटांचे आहे. वयस्कांनी याखेरीज आठवड्यातून तीन दिवस तोल सांभाळण्याचा सराव करावा, कारण त्या वयात पडणे फार महागात जाते. ‘मध्यम जोर’ ओळखायला यंत्र लागत नाही : चालताना बोलता येते, पण गाणे म्हणता येत नाही, तो मध्यम जोर. बागेतला ट्रॅक ४०० मीटरचा धरला तर ताशी पाच किलोमीटरच्या चालीने एका राउंडला साधारण पाच मिनिटे लागतात. सहा राउंड म्हणजे अर्धा तास, आणि आठवड्यातून पाच दिवस तसे केले की १५० मिनिटे भरली.

एवढेही होत नाही, हे २०२४ साली ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या जागतिक अभ्यासाने दाखवले. २०२२ मध्ये भारतातले जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नव्हते. पुरुषांत हे प्रमाण सुमारे ४२ टक्के, तर स्त्रियांत सुमारे ५७ टक्के होते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि सुमारे १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. चालण्याचा इथे थेट उपयोग होतो. काम करणारा स्नायू रक्तातली साखर ओढून घेतो, आणि त्यासाठी तो इन्सुलिनवर पूर्णपणे अवलंबून राहत नाही. जेवणानंतरची साखर त्यामुळे कमी चढते. आपल्याकडची शतपावली ती हीच. नागपुरात मात्र रात्री शतपावलीला निघालेल्या माणसाला बऱ्याचदा बागेचे कुलूपच भेटते.

झाडी नुसती दिसण्याचाही परिणाम होतो. संशोधक रॉजर उलरिच यांनी १९८४ मध्ये अमेरिकेतल्या एका रुग्णालयातील पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या रुग्णांच्या नोंदी ताडून पाहिल्या. खिडकीतून झाडे दिसणारे रुग्ण विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली.

भोसल्यांच्या बागा ते ले-आउटचा ‘ओपन स्पेस’

नागपूरला बागांचा वारसा जुना आहे. महाराजबाग, तुळशीबाग, सक्करदरा, तेलंगखेडी ही नावे भोसल्यांच्या राजवटीकडे जातात. महाराजबागेत इंग्रजी अमदानीत, १८९४ साली, प्राणिसंग्रहालय सुरू झाले. आज बाग व प्राणिसंग्रहालय डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या कृषी महाविद्यालयाकडे आहे. स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात नागपूरची पाहणी केली होती. सरळ रुंद रस्त्यांसाठी सरसकट पाडापाड करण्यापेक्षा दाट वस्तीत मोजकी मोडकी घरे काढून लहान चौक मोकळे करावेत आणि तिथे झाडे लावावीत, हा त्यांचा हिंदुस्थानातल्या शहरांसाठीचा आग्रह होता. जुन्या नागपूरच्या गल्ल्या पाहिल्या की तो सल्ला आजही लागू पडतो असे वाटते.

पुढे १९३६ च्या कायद्याने नागपूर सुधार प्रन्यास आला, लोकांच्या तोंडी ‘नासुप्र’ किंवा ‘एनआयटी’. त्याने पाडलेल्या ले-आउटमध्ये बागेसाठी जागा सोडलेली असे. पश्चिम नागपुरातल्या कॉलन्यांना घराजवळ बाग मिळाली ती त्यामुळे. शेतजमिनीचे तुकडे पाडून विकलेल्या ले-आउटमध्ये तसे झाले नाही. ‘१९०० ले-आउट’, ‘५७२ ले-आउट’ ही अशा अनधिकृत ले-आउटच्या गटांची नावे नागपूरकरांना पाठ आहेत. गुंठेवारीच्या, म्हणजे असे तुकडे कायदेशीर करून घेण्याच्या, कायद्याखाली नियमित झालेल्या अशा वस्त्यांत कित्येक ठिकाणी नकाशावरची मोकळी जागा प्रत्यक्षात प्लॉट होऊन विकली गेली. २०२० च्या राज्यव्यापी विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे ४,००० चौरस मीटर व त्याहून मोठ्या जमिनीत १० टक्के जागा मनोरंजनासाठी मोकळी सोडावी लागते. पण जी वस्ती आधीच भरून गेली तिला हा नियम बाग देऊ शकत नाही. कोणाच्या मुलाला घसरगुंडी मिळाली आणि कोणाच्या नाही, हे असे ले-आउटच्या नकाशावर ठरत गेले.

फिरणाऱ्यांच्या ठरलेल्या जागा शहरभर आहेत : अंबाझरी, फुटाळ्याचा काठ, सेमिनरी हिल्सवरचे जपानी गार्डन, जरीपटक्यातले दयानंद पार्क, जुन्या शहरातला गांधीबाग बगीचा, रेशीमबागेचे मैदान. सिव्हिल लाइन्समध्ये तर एका रस्त्याला वॉकर्स स्ट्रीट असेच नाव पडले. अंबाझरी तलावालगतचे वनखात्याचे जैवविविधता उद्यान शेकडो हेक्टरांचे आहे आणि सुटीच्या दिवशी सायकल चालवायला, पक्षी पाहायला फार चांगले आहे. रोजचा व्यायाम मात्र गल्लीच्या टोकाच्या अर्ध्या एकरावर होतो. गाडी काढून जावे लागते त्या बागेत माणूस महिन्यातून दोनदा जातो. चालत पोहोचता येते तिथे रोज.

जवळ, सावली आणि माती

नेदरलँड्सचे नागरी वनतज्ज्ञ सेसिल कोनाइनेंडाइक यांनी २०२१ मध्ये ३-३०-३०० असा सुटसुटीत नियम सुचवला : घरातून निदान तीन झाडे दिसावीत, वस्तीवर ३० टक्के तरी झाडांचे छत्र असावे आणि बाग ३०० मीटरच्या आत असावी. यातला छत्राचा आकडा नागपूरसारख्या तापणाऱ्या शहराला सगळ्यांत महत्त्वाचा. कडुनिंब, करंज, वड, पिंपळ ही इथल्या उन्हात टिकणारी आणि खरी सावली देणारी झाडे. हिरवळ आणि कुंड्या पाहायला छान असतात, पण पाणी जास्त पितात आणि डोक्यावर काहीच धरत नाहीत.

चालण्याची वाट कशाची आहे हे पाहायचे कारण म्हणजे गुडघे. पेव्हर ब्लॉकची वाट पावसाळ्यात शेवाळते, एखादा ब्लॉक खचतो आणि साठीतल्या पायाला तेवढी ठेच पुरते. दाबून बसवलेली मुरमाची वाट पायाला सोपी जाते, पाणी मुरू देते, आणि खड्डा पडला तर माळी दोन घमेली मुरूम टाकून दुपारपर्यंत ती नीट करतो. पन्नास-साठ पावलांवर एक बाक असला तर हृदयविकारातून उठलेला माणूस किंवा दम लागणारी बाई पुढचा बाक गाठायच्या भरवशावर चालत राहते. स्वच्छ, उघडे स्वच्छतागृह नसेल तर वयस्क आणि मधुमेही घरीच राहतात.

ग्रीन जिम आता नागपुरातल्या बहुतेक बागांत दिसते : पाय झुलवायचे यंत्र, कंबर फिरवायची चकती, हाताने फिरवायचे चाक. सांधे मोकळे करायला, तोल सुधारायला ते चांगले. ताकद वाढवायला मात्र वजन वाढवत न्यावे लागते, आणि यातल्या बऱ्याच यंत्रांवर तशी सोय नसते. एका पावसाळ्यात बेअरिंग गंजले की यंत्र कुरकुरू लागते, मग अडकते. नवे यंत्र बसवण्याचा कार्यक्रम होतो, ग्रीस लावायचा कार्यक्रम कोणी करत नाही. तेवढ्याच पैशात झाडे, दिवे आणि एक कायमचा माळी मिळत असेल तर ते आधी घ्यावे, असे या नोंदकर्त्याचे ठाम मत आहे.

सोबत

पहाटे साडेपाचची बाग जवळून पाहिली तर व्यायाम टिकतो कशावर ते कळते. माळी पाइपने आळी भरत असतो, ओल्या मातीचा वास सुटलेला असतो. नऊवारीतल्या एक आजी पायात स्पोर्ट शूज घालून येतात. सुरुवातीला बाकावर सहा खडे ओळीने मांडतात आणि दर राउंडला एक खडा उचलून गवतात टाकतात. चार दिवस त्या दिसल्या नाहीत तर पाचव्या दिवशी तिघी त्यांच्या दारात उभ्या : ‘काकू, तब्येत बरी हाय न? दिसून नाही राहिल्या.’ ही चौकशी कोणत्याही ॲपच्या आठवणीपेक्षा जास्त लोकांना परत ट्रॅकवर आणते.

गटांची ही परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. डॉ. मदन कटारिया यांचा पहिला लाफ्टर क्लब १९९५ च्या मार्चमध्ये मुंबईच्या एका बागेतच पाच जणांनिशी सुरू झाला. नागपुरात रामनगरच्या जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळाने योगासने निःशुल्क शिकवण्याचा वसा घेतला आणि शहराच्या अनेक वस्त्यांत वर्ग पोहोचवले. फिरून झाल्यावर गट तर्री पोह्याच्या (वर झणझणीत रस्सा घातलेल्या पोह्यांच्या) ठेल्याकडे वळतो, तेही याच सोबतीचा भाग. अर्ध्या तासाच्या चालीत साठ-सत्तर किलोच्या माणसाच्या साधारण शंभर-सव्वाशे कॅलरी खर्च होतात आणि तर्रीवरचे तेल त्या भरून काढते, हे खरे. साखर असलेल्यांनी रोज तो मोह टाळावा. पण पोह्यांसाठी का होईना, जो रोज येतो त्याचे चालणे चुकत नाही.

येत नाहीत त्यांचाही विचार करायला हवा. स्त्रियांतले पुरेशी हालचाल न करणारे ५७ टक्के डोळ्यांसमोर ठेवून पाहा : सकाळी डबे, संध्याकाळी स्वयंपाक, मोकळा वेळ सापडतो तो दुपारी चारच्या आत किंवा रात्री नऊनंतर, आणि तेव्हा बाग बंद किंवा अंधारी. बारा-तेरा वर्षांच्या मुली झोक्यासाठी मोठ्या ठरतात आणि मैदान मुलांच्या क्रिकेटने भरलेले असते. त्या वयात सुटलेला खेळ पुढे क्वचितच परत येतो. उजेड, रात्री दहापर्यंत उघडे गेट, एखादी महिला रक्षक आणि मुलींच्या कबड्डी-खोखोसाठी ठरलेली वेळ, यासाठी नवी जमीन लागत नाही.

हिवाळ्यात वेगळी काळजी घ्यावी लागते. थंड पहाटे हवा खाली साचते, धूर वर जात नाही, त्यात कोणी बागेतच पालापाचोळा पेटवतो. दमेकऱ्यांनी अशा दिवसांत ऊन वर आल्यावर निघावे. तोच पालापाचोळा खड्ड्यात घातला तर उन्हाळ्यापर्यंत खत होते.

उन्हाळा

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांवर जातो आणि नवतपात (मेअखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत) रात्रीही भिंती तापलेल्या असतात. फिरणे तेव्हा सूर्योदयाच्या आसपास उरकावे लागते. आठनंतर चालणे बहुतेकांना झेपत नाही. बागेचे दुपारचे काम मात्र याच दिवसांत सुरू होते. अहमदाबादने २०१३ मध्ये देशातला पहिला उष्णता कृती आराखडा केला, त्यानंतर नागपुरानेही तसा आराखडा हाती घेतला. दुपारी बागा उघड्या ठेवणे हा अशा आराखड्यांतला सर्वांत स्वस्त उपाय. बारा ते चार या वेळात कडुनिंबाखाली हातगाडीवाले, मजूर, सामान पोहोचवणारी पोरे पडून असतात. झाड सावली देते आणि पानांतून पाणी बाहेर टाकून भोवतालची हवाही थंड करते; शेजारच्या डांबरी रस्त्यावर आणि त्या सावलीत पाय ठेवून पाहिला की फरक कळतो.

गेटजवळ रांजण भरलेला हवा, नळाला पाणी हवे, आणि माळी-चौकीदाराला उष्माघाताची लक्षणे सांगितलेली हवीत : अंग तापलेले, बोलणे असंबद्ध, चक्कर. अशा माणसाला सावलीत आडवे करून अंगावर पाणी ओतायचे, वारा घालायचा, शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालायचे नाही, आणि लगेच १०८ ला फोन लावायचा.