लघुग्रहांच्या पट्ट्यात दगड चुकवावे लागतात?
विज्ञानकथेतला बिलंदर तस्कर दगडांच्या गर्दीतून यान काढतो. त्यामुळे मंगळ आणि गुरू यांच्यामधला लघुग्रहांचा पट्टा असाच खचाखच भरलेला असणार, असं वाटतं. आकृत्यांतही ठिपके दाटच असतात, तेव्हा हा समज स्वाभाविक आहे.

प्रत्यक्षात तो जवळजवळ रिकामा आहे. तिथल्या सगळ्या लघुग्रहांचं मिळून वस्तुमान चंद्राच्या सुमारे ३ टक्के, तेही कोट्यवधी किलोमीटर रुंद प्रदेशात विखुरलेलं. पायोनियर १० यान १९७२-७३मध्ये तिथून सुखरूप पार झालं. उलट, १९९१मध्ये गॅस्प्रा हा लघुग्रह जवळून पाहायला गॅलिलिओ यानाचा मार्ग मुद्दाम आखावा लागला. ती छायाचित्रं खुली आहेत. गॅस्प्राशेजारी दुसरा दगड दिसतो का, पाहा.