तंबाखू उद्योगविरोधी युवा चळवळ, मराठवाडा

तंबाखूजन्य पदार्थ बनवणाऱ्या, विकणाऱ्या आणि त्यांची जाहिरात करणाऱ्या व्यवस्थेला जाब विचारण्यासाठी शाळकरी व महाविद्यालयीन वयाच्या मुलामुलींनी एकत्र येऊन केलेल्या कृतींना तंबाखू उद्योगविरोधी युवा चळवळ म्हणतात. मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत, म्हणजे छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, धाराशिव, लातूर, परभणी, हिंगोली व नांदेड येथे, ती मुख्यतः शाळा, राष्ट्रीय सेवा योजनेची पथके, दंत व वैद्यकीय महाविद्यालये आणि गावातली तरुण मंडळे यांच्यामार्फत चालते. व्यसनमुक्तीचे काम आणि ही चळवळ शेजारी शेजारी नांदतात, पण दोघींचा रोख वेगळा आहे. व्यसनमुक्तीचा कार्यकर्ता खाणाऱ्याला ‘सोड’ म्हणतो. चळवळीतला तरुण विचारतो, की दहा वर्षांच्या पोराच्या हाती पुडी आली कशी, ती कोणी पोहोचवली आणि त्यातून कमावले कोणी. मराठवाड्यात पहिल्या कामाची परंपरा जुनी आणि भक्कम आहे. दुसरे अजून अंग धरते आहे.

पोराचे वय येथे उगीच घातलेले नाही. १३ ते १५ वर्षांच्या विद्यार्थ्यांची जी राष्ट्रीय पाहणी २०१९ मध्ये झाली, तीत देशातले ८.५ टक्के आणि महाराष्ट्रातले ५.१ टक्के विद्यार्थी कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत असल्याचे आढळले. देशपातळीवर चघळण्याची तंबाखू सुरू करण्याचे मध्यक वय ९.९ वर्षे निघाले, म्हणजे चौथी-पाचवीचा वर्ग. प्रौढांमध्ये २०१६-१७ च्या पाहणीनुसार महाराष्ट्रातील २६.६ टक्के लोक तंबाखू वापरतात. त्यात धूम्रपान करणारे ३.८ टक्के, तर चघळणारे, मळून खाणारे आणि मिश्री लावणारे मिळून २४.४ टक्के आहेत. त्यामुळे सिगारेटच्या पाकिटाभोवती उभ्या राहिलेल्या पाश्चात्त्य मोहिमा येथे जशाच्या तशा चालत नाहीत. येथला शत्रू पुडीत, चुन्याच्या डबीत आणि प्लॅस्टिकच्या कागदात घोटलेल्या माव्यात आहे.

पूर्वपीठिका. उद्योगालाच प्रतिपक्ष मानण्याची रीत अमेरिकेत १९९० च्या दशकात रुजली. तेथील खटल्यांमुळे सिगारेट कंपन्यांची अंतर्गत कागदपत्रे उघड झाली. आर. जे. रेनॉल्ड्स कंपनीच्या १९८४ च्या एका टिपणात, जुने गिऱ्हाईक मरते किंवा सोडते तेव्हा त्याची जागा भरायला तरुण गिऱ्हाइकाखेरीज दुसरा स्रोत नाही, असा हिशेब मांडलेला होता. फ्लोरिडा राज्याने सिगारेट कंपन्यांशी खटल्यात झालेल्या तडजोडीत मिळालेल्या पैशातून १९९८ मध्ये ‘ट्रुथ’ ही मोहीम सुरू केली आणि तिची आखणी किशोरवयीन मुलांकडे सोपवली. मुलांनी फुप्फुसांची चित्रे बाजूला ठेवली आणि कंपनीने आपल्याला कसे फसवले तेच सांगितले. १९९८ ते २००० या दोन वर्षांत तेथील सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांत सिगारेट ओढणाऱ्यांचे प्रमाण १८.५ वरून ११.१ टक्क्यांवर, तर नववी ते बारावीच्या विद्यार्थ्यांत २७.४ वरून २२.६ टक्क्यांवर आले. त्याच काळात फिलिप मॉरिस कंपनीने तरुणांसाठी स्वतःची धूम्रपानविरोधी जाहिरात मोहीम काढली होती. ती पाहिलेल्या मुलांचा सिगारेटकडे कल उलट थोडा वाढलेलाच दिसला. उद्योगाने पैसे दिलेला जागृतीचा कार्यक्रम शाळेच्या दारात येऊ द्यायचा नाही, हा धडा तेव्हापासूनचा आहे. जागतिक तंबाखू नियंत्रण करारातील कलम ५.३ शासनांना हेच बजावते. भारताने २००४ मध्ये या कराराला मान्यता दिली.

देशात दिल्लीच्या ‘हृदय’ या संस्थेने १९९० च्या दशकापासून शाळकरी मुलांना धोरणाच्या प्रश्नांवर बोलते केले. महाराष्ट्रात सलाम मुंबई फाउंडेशनने शिक्षण विभागासोबत तंबाखूमुक्त शाळेची मोहीम मुंबईबाहेर, ग्रामीण जिल्ह्यांतही नेली.

मराठवाड्यातील उद्योगाचे रूप. येथल्या तरुणाची पहिली अडचण अशी, की ज्याच्याविरुद्ध उभे राहायचे तो दिसतच नाही. निपाणीसारखे तंबाखूचे शिवार येथे नाही. शेतकऱ्याच्या पोटावर पाय येईल, हे उद्योगाचे आवडते उत्तर म्हणून मराठवाड्यात लंगडे पडते. कापूस, सोयाबीन, तूर आणि ऊस पिकवणाऱ्या या मुलखाचा तंबाखूशी संबंध गिऱ्हाइकाचा आहे. माल बाहेरून येतो आणि पैसा बाहेर जातो. मागे राहते ते न उघडणारे तोंड. गावात उद्योगाचा चेहरा म्हणून एकच माणूस उभा असतो, टपरीवाला, आणि तो बहुधा कोणाचा तरी चुलता किंवा मामा असतो.

गुटख्याच्या बाबतीत ही अदृश्यता आणखी दाट होते. महाराष्ट्राने २००२ मध्ये गुटख्यावर घातलेली बंदी सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये रद्द केली. पुढे २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखालील नियमांच्या आधारे २० जुलै २०१२ पासून राज्यात गुटखा व पानमसाला यांवर पुन्हा बंदी आली आणि ती वर्षावर्षाने वाढवली जात आहे. मग कंपन्यांनी पानमसाल्याची पुडी वेगळी आणि जर्द्याची पुडी वेगळी विकायची युक्ती काढली. गिऱ्हाइकाने दोन्ही तोंडात एकत्र करायच्या. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अशा जोडविक्रीवरही बोट ठेवले. नांदेड जिल्ह्यातील देगलूर-बिलोली तेलंगणाला, लातूरमधील उदगीर-निलंगा बीदरला आणि धाराशिवमधील उमरगा कलबुर्गीला लागून आहे. निजामकाळापासून एकच बाजारपेठ असलेल्या या पट्ट्यात नातीगोती, आठवडी बाजार आणि मालवाहतूक राज्याची सीमा मानत नाहीत, आणि बंदीचा मालही त्याच वाटांनी येतो. पोते पकडले तर ड्रायव्हर सापडतो, मालक सापडत नाही. अशा प्रकरणांत अन्नसुरक्षा कायद्यासोबत भारतीय दंडविधानही लागू शकते का, हा वाद औरंगाबाद खंडपीठातून सर्वोच्च न्यायालयात गेला आणि दोन्ही कायद्यांखाली कारवाईला आडकाठी नाही, असा निर्णय सप्टेंबर २०१८ मध्ये आला.

परंपरा. मराठवाड्यातला विद्यार्थी रस्त्यावर उतरायला नवखा नाही. १९७४ चे मराठवाडा विकास आंदोलन विद्यार्थ्यांनी पेटवले आणि विद्यापीठ नामांतराचा लढा १९७८ पासून १९९४ पर्यंत तरुणांनीच अंगावर घेतला. दुसरीकडे वारकरी कीर्तनाने आणि गाडगे महाराजांच्या वाटेने चालणाऱ्या प्रबोधनाने व्यसनावर पिढ्यान्‌पिढ्या कोरडे ओढले. पैठणच्या नाथषष्ठीला आजही तुळशीची माळ घालताना तंबाखू सोडणारे भेटतात. हे दोन प्रवाह मात्र एकत्र आले नाहीत. आंदोलनाने तंबाखूला घरगुती बाब मानले आणि कीर्तनाने तिला वैयक्तिक पाप मानले. कंपनी या दोघांच्या मधून निसटली. तंबाखू उद्योगविरोधी चळवळीला येथे खरे काही करायचे असेल तर हा सांधा तिला जुळवावा लागेल.

कार्यपद्धती. होळीला तंबाखू-गुटख्याच्या रिकाम्या पुड्या गोळा करून त्यांची राक्षसाकृती जाळणे, ३१ मे या तंबाखूविरोधी दिनी प्रभातफेरी काढणे, बाजाराच्या दिवशी पथनाट्य करणे हे प्रकार महाराष्ट्रात सर्वपरिचित आहेत आणि मराठवाड्याच्या शाळांतही रूढ झाले आहेत. त्यांनी वातावरण तयार होते, पण टपरी जागची हलत नाही. ती हलते ती मोजपट्टीने.

२००३ च्या सिगारेट व इतर तंबाखूजन्य पदार्थ कायद्याचे सहावे कलम दोन गोष्टी सांगते. अठरा वर्षांखालील व्यक्तीला तंबाखू विकता येत नाही, आणि शैक्षणिक संस्थेपासून शंभर यार्डांच्या आत कोणालाच विकता येत नाही. शंभर यार्ड म्हणजे सुमारे ९१ मीटर. हे अंतर शाळेच्या कुंपणाच्या बाहेरच्या कडेपासून सर्व दिशांना सरळ रेषेत मोजायचे असते, रस्त्याच्या वळणाने नव्हे. टपरीवाला अंतर फाटकापासून, रस्त्यारस्त्याने मोजून दाखवतो आणि गुरुजी गप्प बसतात. नियम वाचलेली मुले टेप घेऊन कुंपणाच्या कोपऱ्यापासून मोजतात तेव्हा तीच टपरी हद्दीच्या बरीच आत निघते. केंद्र सरकारच्या २०१९ च्या तंबाखूमुक्त शैक्षणिक संस्था मार्गदर्शिकेत या हद्दीवर पिवळी रेषा आखण्याची अट आहे. रस्त्यावर पिवळा पट्टा ओढणारी मुले हे या चळवळीचे सर्वांत बोलके दृश्य आहे, कारण त्या दिवशी गावाला पहिल्यांदा कळते की कायदा आपल्या चावडीपर्यंत आलेला आहे.

पुढची पायरी कागदाची. मुख्याध्यापकांच्या सहीने टपरीधारकाला समज, मग ग्रामपंचायतीला पत्र, ग्रामसभेत ठराव, त्याची प्रत पोलीस ठाण्याला आणि जिल्हा तंबाखू नियंत्रण कक्षाला. ग्रामसभेत मतदार नसलेल्या मुलांना मत नसते. आईबापांना ठरावावर बोलायला लावणे हे त्यांचे खरे काम, आणि मुली ते मुलांपेक्षा चांगले करतात; घरात मिश्रीमुळे दात गेलेली आजी बसलेली असते. शासनाने सप्टेंबर २०२० मध्ये सुटी सिगारेट आणि सुटी बिडी विकण्यावर राज्यात बंदी घातली, तिच्या तक्रारीही याच वाटेने जातात. दंड मात्र हास्यास्पद आहे: सहाव्या कलमाच्या भंगाला २०० रुपयांपर्यंत. त्याच्या तुलनेत बालन्याय कायदा, २०१५ चे कलम ७७ फार कडक आहे. मुलाला तंबाखू देणाऱ्याला त्याखाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. गावाला हे कलम माहीत करून देणे एवढ्यानेसुद्धा फरक पडतो.

छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयासारख्या संस्थांतील विद्यार्थी तपासणी शिबिरांतून या कामाला पुरावा पुरवतात. सुपारी-गुटख्याने तोंडाच्या आतील त्वचा ताठरते आणि जबडा उघडेनासा होतो. आपलीच तीन बोटे उभी धरून तोंडात मावतात का, ही चाचणी शाळकरी मुलालाही करता येते. वीस-बाविशीच्या पोराला दोन बोटेही घालता येत नाहीत तेव्हा भाषणाची गरज उरत नाही. त्याच शहरातील आमखास मैदानाजवळच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात आठही जिल्ह्यांतून रुग्ण येतात.

न पोहोचलेले कोपरे. लातूरमध्ये स्पर्धा परीक्षांच्या आणि वैद्यकीय प्रवेशाच्या शिकवण्यांसाठी मराठवाडाभरातून मुले येतात, घरापासून दूर खोल्या करून राहतात. अशा गल्ल्यांत शंभर यार्डांचा नियम अडखळतो. नियमांतील व्याख्येत सक्षम प्राधिकरणाने स्थापन केलेल्या किंवा मान्यता दिलेल्या शाळा-महाविद्यालयांचा उल्लेख आहे; खासगी शिकवणीचे वर्ग त्यात बसतात की नाही याला पळवाट राहते. सतरा वर्षांचे, एकटे, रात्री जागणारे गिऱ्हाईक उद्योगाला याहून सोयीचे मिळणार नाही. येथे संघटित तरुणांनी महापालिकेकडे स्थानिक पातळीवर टपऱ्यांचे परवाने अडवण्याची मागणी लावून धरणे हाच मार्ग दिसतो.

दुसरा कोपरा उसाच्या फडाचा. बीड आणि शेजारच्या जिल्ह्यांतून दर वर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोड कुटुंबे उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकात जातात. पहाटे कोयता हातात घेणाऱ्याला भूक आणि शीण मारायला तंबाखूचा बार लागतो, आणि सोबत गेलेले लेकरू ते पाहत, पुढे देत-घेत मोठे होते. शाळाच सुटलेल्या या मुलाला शाळेभोवतीची पिवळी रेषा काय वाचवणार? गावात आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहिलेली मुले चळवळीच्या हाती लागतात. फडावर गेलेली लागत नाहीत. मुकादम आणि साखर कारखाना यांना या प्रश्नात ओढल्याशिवाय ती लागणारही नाहीत. शाळेच्या फलकावर ‘तंबाखूमुक्त’ लिहून घेणाऱ्या आपल्या सगळ्या यशाला ही मोठी भगदाड आहे.

वाद. चळवळीवरचा सर्वांत गंभीर आक्षेप असा, की तिचा बडगा गरीब टपरीवाल्यावर पडतो आणि कंपनी सुखरूप राहते. आक्षेप खरा आहे. म्हणून टपरीवाल्याला हद्दीबाहेर जागा किंवा दुसरा माल ठेवायला मदत मागणे आणि त्याच पत्रात घाऊक पुरवठादाराची चौकशी मागणे, अशी जोड जिथे दिली जाते तिथे गाव मुलांच्या बाजूने उभे राहते. जाहिरातीच्या बाबतीत तर टपरी निमित्तमात्र असते. वेलची आणि पानमसाल्याच्या नावाखाली नामांकित नट दूरचित्रवाणीवर जो ठसा विकतात, तोच ठसा जर्द्याच्या पुडीवर असतो. फसव्या व छुप्या जाहिरातींबाबत केंद्र सरकारने जून २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांखाली तक्रार करायला वयाची अट आड येत नाही, मोबाइल पुरतो.

२००३ च्या कायद्याचे पाचवे कलम जाहिरातीला बंदी घालताना दुकानाच्या दाराशी आणि आत फलक लावायला सूट देते, आणि टपरी हे दार-आत असा भेद नसलेले दुकान आहे. ही सूट काढावी, विक्रीचे किमान वय २१ करावे आणि दंड वाढवावा, असे बदल सुचवणारा दुरुस्तीचा मसुदा केंद्र सरकारने २०२१ च्या सुरुवातीला हरकतींसाठी खुला केला होता. त्याचे कायद्यात रूपांतर झालेले नाही. राष्ट्रीय सेवा योजनेच्या पथकांनी आणि शाळांच्या बालसंसदांनी आपल्या खासदारांकडे या मसुद्याचा पाठपुरावा करणे, हा मराठवाड्यातील चळवळीचा पुढचा स्वाभाविक टप्पा आहे.