किटमधले वाफेचे इंजिन: ओतीव लोखंडापासून रंगाच्या शेवटच्या हातापर्यंत

वाफेच्या रेल्वे इंजिनाची छोटी प्रतिकृती खऱ्या इंजिनाच्या आधी जन्मली. विल्यम मर्डॉक यांनी कॉर्नवॉलमधल्या रेडरुथ गावी १७८४ च्या सुमारास तीन चाकांची, स्वतःच्या वाफेवर धावणारी लहानशी गाडी तयार केली. ती आजही बर्मिंगहॅमच्या संग्रहालयात जपलेली आहे. रिचर्ड ट्रेव्हिथिक यांनीही आधी नमुने चालवून पाहिले आणि मग १८०४ मध्ये वेल्समधल्या पेनिडॅरन लोखंड कारखान्याच्या रुळांवर खरे इंजिन धावले. तेव्हा नमुना म्हणजे प्रयोग होता. हौस पुढे आली, आणि सुट्या भागांचे विकत मिळणारे किट त्याच्याही बरेच नंतर.

किट म्हणजे मुळात कामाची वाटणी. काही काम कारखाना करून देतो, उरलेले घेणाऱ्याने करायचे. गेल्या सव्वाशे वर्षांचा इंजिनांच्या किटचा इतिहास पाहिला, तर ही वाटणीची रेषा सतत सरकत आलेली दिसते. धातू बदलला की रेषा सरकली, कर बदलला की सरकली, बाजार बदलला तेव्हाही सरकली. रंगकाम मात्र बहुतेक काळ घेणाऱ्याच्याच बाजूला राहिले.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये पितळी खेळण्यांची इंजिने मिळत. पोटात स्पिरिटचा दिवा, वर छोटा बॉयलर, आणि जमिनीवर पाण्याचा ओघळ सोडत ती घरभर फिरत. त्यांना रूळ लागत नसत, त्यामुळे मापाचाही प्रश्न नव्हता. तो सोडवला जर्मनीतल्या मार्कलिन कंपनीने. १८९१ च्या लाइपझिग जत्रेत तिने क्रमांक दिलेल्या ठरावीक रुळरुंदीच्या गाड्या मांडल्या. १ क्रमांकाची रुंदी आज ४५ मिलिमीटर धरली जाते. नंतर आलेल्या ० क्रमांकाची ३२. हे दिसायला किरकोळ आहे, पण किटचा धंदा त्याच्याशिवाय उभा राहिला नसता. एका कारखान्याचे इंजिन दुसऱ्याच्या रुळांवर चालणार याची खात्री असेल, तेव्हाच कोणी नुसते सुटे भाग विकायला धजावतो.

पुढचे पाऊल इंग्लंडमध्ये पडले. १८९८ मध्ये पर्सिव्हल मार्शल यांनी लंडनहून हौशी यंत्रकारांसाठी नियतकालिक सुरू केले. त्याच सुमारास नॉर्दम्प्टनच्या डब्ल्यू. जे. बॅसेट-लोक यांनी टपालाने भाग आणि ओतीव कामे विकायला सुरुवात केली. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनानंतर त्यांनी न्युरेंबर्गच्या बिंग कारखान्याकडून ब्रिटिश इंजिनांच्या बऱ्यापैकी हुबेहूब प्रतिकृती करून घेतल्या, आणि आराखड्यांसाठी हेन्री ग्रीनली यांच्यासारखा जाणकार त्यांना मिळाला. या काळातले किट म्हणजे पेटीत कच्चे ओतीव भाग आणि सोबत नकाशा. सिलिंडर आतून कोरणे, चाके लेथवर फिरवणे, बॉयलरला चांदीचा डाख देणे हे सगळे घेणाऱ्याने करायचे. ज्याच्याकडे लेथ नाही, त्याच्यासाठी ही पेटी नव्हतीच.

१९२० च्या दशकात एल.बी.एस.सी. या टोपणनावाने लिहिणाऱ्या कर्ली लॉरेन्स यांनी या वर्तुळात खळबळ उडवली. अडीच इंच रुळरुंदीवर खरा कोळसा जाळणारा, खऱ्या इंजिनासारखा बॉयलर चालणारच नाही, स्पिरिटवरचाच बरा, असे मोठमोठे जाणकार म्हणत होते. लॉरेन्स यांच्या छोट्या इंजिनाने मोठ्या माणसाला ओढून दाखवले आणि वाद मिटवला. त्यांचे खरे योगदान मला त्यानंतरच्या लिखाणात दिसते. कुठला भाग आधी, कुठला नंतर, कानस कशी धरायची, इथपर्यंत ते क्रमवार सांगत, तेही गप्पा मारल्यासारख्या भाषेत. किटबरोबर येणाऱ्या आजच्या सूचनापुस्तिकेने हाच क्रम उचललेला आहे. ती भाषा उचलली असती तर आणखी बरे झाले असते.

वाफेवर चालणाऱ्या नमुन्यांची ही धारा अखंड चालू राहिली. बहुतेकांच्या टेबलावर येणारे किट मात्र वेगळ्या वाटेने आले: विजेची मोटर, आणि आणखी लहान माप. बिंगने १९२२ मध्ये टेबलावर मावणारी १६.५ मिलिमीटर रुंदीची गाडी काढली. ० च्या निम्मी, म्हणून हाफ झीरो, म्हणजेच एचओ. यात १:८७ हे प्रमाण रूढ झाले. ब्रिटनमध्ये एक अडचण निघाली. तिथल्या पूल-बोगद्यांमुळे खरी इंजिनेच अंगाने लहान, आणि त्या काळच्या मोटरी ढोबळ; १:८७ च्या बॉयलरमध्ये मोटर मावेना. म्हणून इंजिन १:७६ चे करायचे आणि रूळ १६.५ चेच ठेवायचे, अशी तडजोड झाली. तीच डबल ओ. हिशेबाने रूळ १८.८३ मिलिमीटर हवेत. अरुंद रुळांवर उभी असलेली ती इंजिने समोरून पाहिली की चूक डोळ्यांत भरते. १९६० च्या दशकात काही कडव्या मंडळींनी १८.८३ चीच मापे ठरवून घेतली आणि चाके, चौकटी, रूळ सगळे नव्याने बांधायची तयारी दाखवली. मोटरी कधीच लहान झाल्या, पण ब्रिटनमधला बहुसंख्य बाजार आजही त्या जुन्या तडजोडीवरच धावतो.

अमेरिकेत १९३० च्या दशकात मँटुआ, वार्नी अशा कंपन्यांनी जस्ताच्या मिश्रधातूचे, साच्यात दाबाने ओतलेले बॉयलर पेटीत घालून दिले. स्क्रू ड्रायव्हर आणि कानस एवढ्या हत्यारांवर इंजिन उभे राहू लागले. हा मिश्रधातू म्हणजे झमाक, न्यू जर्सी झिंक कंपनीने १९२९ मध्ये बाजारात आणलेला. त्यात एक घातकी दोष दडलेला होता. जस्तात शिशाचा अंश राहिला, तर काही वर्षांनी धातू आतून फुगतो, भेगाळतो आणि हातात चुरा होतो. अतिशुद्ध जस्त वापरले तर हा रोग होत नाही, पण सगळेच कारखाने ती काळजी घेत नव्हते. दुसऱ्या महायुद्धापूर्वीची कितीतरी सुंदर इंजिने अशी कपाटात ठेवल्या जागी गेली.

युद्धानंतरचा काळ मला या इतिहासातला सर्वांत रसरशीत वाटतो. एकीकडे जपानमधल्या लहान कार्यशाळांनी अमेरिकी ग्राहकांसाठी हाताने घडवलेली पितळी इंजिने पाठवायला सुरुवात केली. ती किट नव्हती, तयार होती. पण बहुधा बिनरंगाची येत, म्हणजे रंगकामाची जबाबदारी पुन्हा घेणाऱ्यावरच. दुसरीकडे ब्रिटनमध्ये १९५० च्या दशकात व्हाइट मेटलची किटे आली. कथील, शिसे आणि अँटिमनी यांचे हे मिश्रण रबराच्या गरगर फिरणाऱ्या साच्यात ओततात. पोलादी साचा परवडत नाही अशा एकट्यादुकट्या माणसालाही आता किट काढता येऊ लागले. त्यामुळे मोठ्या कारखान्यांनी कधी हात लावला नसता अशी, एखाद्याच शाखेवर धावलेली, विसरली गेलेली इंजिने बाजारात आली. के'ज, विल्स ही त्यातली ठळक नावे. अनेक किटे ट्रायँग किंवा हॉर्नबी-डब्लो या खेळण्यांच्या गाड्यांच्या तयार चौकटीवर बसतील अशीच आखलेली असत: चालणारा भाग कारखान्याचा, दिसणारा भाग आपला.

व्हाइट मेटलला डाख देणे हे मात्र काळजाचे काम. भाग स्वतःच इतक्या कमी उष्णतेला वितळतो की नेहमीचा तापलेला सोल्डरिंग आयर्न टेकवला, तर चिमणीच्या जागी थेंब उरतो. यावर उपाय निघाला तो ७० अंश सेल्सिअसला वितळणाऱ्या बिस्मथयुक्त सोल्डरचा. पितळेच्या भागावर आधी नेहमीच्या सोल्डरचा पातळ थर द्यायचा आणि मग त्यावर व्हाइट मेटल या मऊ सोल्डरने बसवायचे, ही युक्ती तेव्हापासून चालत आली आहे.

किटच्या प्रसाराला करानेही हातभार लावला. ब्रिटनमध्ये १९४० पासून खरेदी कर होता आणि तयार खेळण्याला तो लागे. सुट्या भागांत विकले की कराचा भार टळे, म्हणून ट्रायँगसारख्या मोठ्या कंपनीनेही काही इंजिने मुद्दाम न जोडता विकली.

आणि मग प्लॅस्टिक. रोझबड डॉल्स ही नॉर्दम्प्टनशरमधली बाहुल्या बनवणारी कंपनी. तिने १९५९ मध्ये किटमास्टर नावाने पॉलिस्टायरिनची इंजिने काढली. पहिले किट स्टीफन्सन यांच्या रॉकेट या इंजिनाचे. गोंद आणि धारदार पाते एवढेच पुरे. ही इंजिने मोटरशिवाय होती, पण त्यांचे नक्षीकाम त्या काळच्या धावत्या खेळण्यांपेक्षा सरस होते. धंदा टिकला नाही. १९६२ मध्ये साचे एअरफिक्सकडे गेले, पुढे डेपॉलकडे. मालक बदलत गेले तरी इंजिने निघत राहिली.

१९६०-७० नंतर पातळ पत्र्यावर छायाचित्रणाच्या तंत्राने आकृती उमटवून नको तो भाग रसायनात विरघळवण्याची पद्धत किटमध्ये आली. पितळेच्या किंवा जर्मन सिल्व्हरच्या (तांबे, निकेल आणि जस्त यांच्या मिश्रधातूच्या) पत्र्यात अर्ध्या जाडीपर्यंत कोरले की घडीची रेघ तयार होते, आणि मागून खळगे कोरले की पुढून टोचून रिव्हेट उठवता येतात. टेंडरची, म्हणजे इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या गाडीची, शेकडो रिव्हेटांची बाजू अशी एका पत्र्यात येऊ लागली. इथे वाटणीची रेषा विचित्र सरकली. मोजमाप आणि कापणे कारखान्याने घेतले, पण आकार देणे पुन्हा हातावर आले. कोरीव पत्रा सपाट असतो. त्याचा गोल बॉयलर वळवणे आणि टोके फट न ठेवता जुळवणे हे घेणाऱ्यालाच जमावे लागते.

किट कोणत्याही काळातले असो, एक काम बदललेले नाही: दोन्ही बाजूंच्या चाकांवरच्या क्रँक, म्हणजे दांडे जिथे जोडतात त्या खुंट्या, एकमेकींशी काटकोनात बसवणे. खऱ्या दोन सिलिंडरांच्या इंजिनात एका बाजूचा दट्ट्या टोकाला पोहोचून अडकला, तरी दुसऱ्या बाजूचा मधोमध असतो आणि इंजिनाला सुरुवात करून देतो. मॉडेलमध्ये जोर मोटरचा असतो. तरीही एका आसाची गती जोडदांडे दुसऱ्या आसांना पोचवत असतील, तर हा कोन लागतोच. तो नेमका ९० अंश असण्यापेक्षा सगळ्या आसांवर सारखा असणे महत्त्वाचे. एका आसावर जरा फरक पडला की इंजिन लंगडत चालते. रॉमफर्ड नावाने मिळणाऱ्या चाकांच्या आसांची टोके चौकोनी करून हा प्रश्न कारखान्यातच सोडवला गेला. माझ्या मते किटच्या इतिहासातली ही सर्वांत उपकारक लहानशी सुधारणा आहे.

आता रंग. पत्र्याच्या जुन्या खेळण्यांवर रंग आधीच छापून मग पत्रा दाबत असत. किटमध्ये तो घेणाऱ्याकडे आला आणि त्याबरोबर एक ऐतिहासिक कोडेही आले: खरे इंजिन कोणत्या रंगाचे होते? जुनी छायाचित्रे इथे फसवतात. छायाचित्रणाच्या त्या काळच्या काचांना लाल प्रकाश जवळजवळ जाणवत नसे. लाल इंजिन काळे उमटे आणि निळे फिकट. शिवाय कारखाने नव्या इंजिनाला छायाचित्रापुरता करडा रंग देत, म्हणजे बारकावे नीट दिसावेत. त्यामुळे अधिकृत छायाचित्रात दिसणारी सुरेख करडी छटा घेऊन ते इंजिन रोजच्या कामावर धावलेच नाही. ब्राइटनच्या रेल्वे कंपनीचे इंजिनप्रमुख विल्यम स्ट्राउडली यांनी १८७० नंतर ज्या रंगाला सुधारित हिरवा म्हटले, तो प्रत्यक्षात सोनेरी पिवळट होता. मिडलँड रेल्वेचा किरमिजी, लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेचा चकचकीत काळा, मॅलार्ड या इंजिनाचा गडद निळा, या प्रत्येकावर जाणकारांचे वाद आहेत आणि ते व्हावेत, कारण तेल, धूर आणि वार्निश यांनी एकच रंग वर्षभरात बदलत असे.

छोट्या प्रतिकृतीवर खऱ्या डब्यातला रंग जसाच्या तसा लावला, तर तो जड दिसतो. म्हणून अनुभवी रंगारी तो थोडा उजळ करतात आणि शुद्ध काळ्याऐवजी गडद करडा घेतात. पितळेवर आधी चरबी पूर्ण घालवून धातूला चावणाऱ्या अस्तराचा हात लागतो, नाहीतर रंग नखाने निघतो. आणि रेघा. अर्ध्या इंचाची खरी रेघ १:७६ मध्ये ०.१७ मिलिमीटरची होते. ती आखण्यासाठी नकाशे काढणाऱ्यांची दोन पात्यांची रेघलेखणी हौशींनी उचलली. तिच्यात एनॅमल रंग कितपत पातळ भरायचा हे फक्त हातालाच कळते. पाण्याने सरकवून बसवायच्या ट्रान्सफरमुळे अनेकांची यातून सुटका झाली, तरी धुराड्याच्या आणि चाकांवरच्या वळणांवर लेखणीची रेघ अजून उठून दिसते. धूळ-काजळीने माखलेले इंजिन दाखवण्याची रीतही इथलीच. कॅलिफोर्नियातल्या जॉन ॲलन यांनी १९५० च्या दशकात आपल्या मांडणीतली इंजिने अशी रंगवली आणि चकचकीत इंजिनालाच सुंदर म्हणण्याची सवय मोडली.

११ ऑगस्ट १९६८ ला ब्रिटिश रेल्वेच्या मुख्य मार्गांवरची वाफ संपली. दक्षिण वेल्समधल्या बॅरीच्या भंगारखान्यातून पुढे २१३ इंजिने वाचवली गेली, आणि किट आखणाऱ्यांना मोजपट्टी घेऊन प्रत्यक्ष इंजिनाजवळ जाता आले. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून चीनमध्ये बनणारी तयार इंजिने इतकी बारकाव्यांची झाली की लोकप्रिय इंजिनांची किटे मागे पडली. उरली ती दुर्मिळ इंजिनांची. त्यांतली काही आता त्रिमिती छपाईने राळेत येतात. छपाईत थरांच्या बारीक रेषा राहतात आणि अस्तराच्या पहिल्याच हाताखाली त्या उठून दिसतात. म्हणून आजच्या किटवाल्याला अस्तर, घासणे, पुन्हा अस्तर, असे दोन-तीन फेरे करावे लागतात, तेही रिव्हेट घासले जाणार नाहीत इतक्या हलक्या हाताने.