एक्स-रे साफ, म्हणजे कॅन्सर नाही?

"छातीचा एक्स-रे क्लिअर आलाय. कॅन्सर असता तर पांढरी गोल गाठ दिसली नसती का?" पुण्यात पेठांपासून हडपसरपर्यंत हे अजूनही ऐकू येतं. गैरसमज आहे.

गोल, काटेरी कडांची गाठ हे फुफ्फुसाच्या कॅन्सरचं फक्त एक रूप. ३ सेंटिमीटरपर्यंत तिला डॉक्टर 'नोड्यूल' म्हणतात, त्यापुढे 'मास'. पण अ‍ॅडेनोकार्सिनोमा हा फुफ्फुसाच्या कॅन्सरचा प्रकार कधी कधी सीटी स्कॅनवर नुसता धुरकट डाग असतो, काचेवर वाफ धरावी तसा. त्यातून रक्तवाहिन्याही दिसत राहतात. एक्स-रेवर तो बहुधा उमटतच नाही. कधी तो न्यूमोनियासारखा पसरतो आणि अँटिबायोटिकचे कोर्स होऊनही हटत नाही. स्क्वॅमस या दुसऱ्या प्रकारात गाठ मधून पोकळ होऊ शकते, आणि आपल्याकडे पोकळी दिसली की पहिलं नाव टीबीचं! तो असूही शकतो, म्हणून थुंकी तपासायचीच; पण रिपोर्ट निगेटिव्ह आल्यावरही टीबीचीच औषधं रेटत राहणं मला पटत नाही. हृदयामागची, कॉलर बोनमागची गाठ तर एक्स-रेत सहज लपते.

उलट, प्रत्येक डाग कॅन्सरचा नसतो. जुन्या टीबीचा व्रणही तसाच दिसतो. कपाटातली जुनी फिल्म डॉक्टरांना जरूर दाखवा. पक्कं निदान मात्र बायोप्सीनेच, म्हणजे तिथला छोटा तुकडा काढून तपासल्यावरच होतं.